चार लाल डबे

तारीख सात खुर्दाद, सन १३४८ फसली. इंग्रजी हिशेबानं १९३९ सालचा एप्रिल. जागा जालन्यातली, स्टेशन रस्त्यावरच्या कापसाच्या जिनाची पेढी. रक्कम एकशे साठ रुपये कलदार, इंग्रजी नाण्यात; त्या दिवशीच्या भावानं एकशे शहाऐंशी रुपये दहा आणे आठ पै हाली, निजामाच्या नाण्यात. हजर चौघे: जिनाचे मालक शेठजी, त्यांचे मुनीमजी, त्यांचा मोटार-ड्रायव्हर आणि मी. शेठजींच्या मोटारीचा पिस्टन फुटला होता. नवा पिस्टन मुंबईहून आणणं आणि इंजिन उघडून पुन्हा बसवणं याचा हा खर्च होता. तो कुणी भरायचा एवढंच ठरवायचं होतं. पाव तासात ठरलं. ड्रायव्हरनं भरायचा.

मी पेट्रोलचा एजंट होतो. स्टेशनाजवळ दोन खणांचं दुकान, मागं पत्र्याची शेड, तिच्यात सुट्या साध्या पेट्रोलचं पिंप. दुकानात दोन कंपन्यांचा माल असे. एकीचे डबे पिवळे, दुसरीचे हिरवे. आत जे पेट्रोल होतं त्यात मला आजतागायत फरक सापडलेला नाही. पण गिऱ्हाइकं छापेवर अडून बसत. पिवळ्या डब्याचा पत्रा जाड, म्हणून पिवळं जास्त खपे. तीर्थपुरीचे एक आडते महिन्याला चार डबे न्यायचे आणि हिरव्याला हात लावायचे नाहीत. पुढे एकदा त्यांच्या घरी जाण्याचा योग आला तेव्हा पाहिलं, गोठ्याचं सगळं छप्पर पिवळे डबे कापून, ठोकून केलेलं. म्हणाले, "अण्णा, अजून दीड वर्ष तुमचंच पेट्रोल. मंग छप्पर पुरं होतंय."

तिसरा माल लाल. पिवळ्या कंपनीचंच ते महाग पेट्रोल. डबाही लाल आणि आतलं पेट्रोलही रंग घालून लाल केलेलं. दोन गॅलनचा डबा, तोंडाला शिशाचं सील, आणि गॅलनमागं चार आणे जास्त. त्याच्याबरोबर कंपनीचा एक छापील कागद आला होता. त्यावर नंबर होते: साधं साठ, लाल ऐंशी. हा ऑक्टेनचा नंबर. लोकांनी त्याचा अर्थ ताकद असा घेतला, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मीही तोच घेतला. एका वकिलांनी आपल्या खिळखिळ्या गाडीत लाल घातलं आणि आठ दिवसांनी येऊन माझ्याशी भांडले, की गाडी पूर्वी चालायची तशीच चालते, पैसे परत द्या.

नंबराचा खरा अर्थ मला शेठजींच्या ड्रायव्हरनं सांगितला. त्याला सगळं गाव उस्ताद म्हणे. वय चाळिशीच्या आसपास, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. लष्करात मोटारी चालवून आलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "पिस्टन पेट्रोलच्या वाफेला दाबतो. दाबून झाल्यावर ठिणगी पडते. बराबर? आता साध्या गाडीत दाब कमी. कुठलं बी पेट्रोल सोसतं. पण आमच्या शेठजींची गाडी बघा. तिच्यात दाब लई. साधं पेट्रोल तेवढं सोसत न्हाई, ठिणगीची वाट बघत न्हाई, आधीच पेटतं. मंग आत हातोडे पडतात."

"आणि लाल?"

"लाल सोसतं. ताकदबिकद काही न्हाई त्याच्यात. सोसतं, बस."

शेठजींची गाडी मुंबईच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. दोनच माणसांची, उघडी, बुटकी. साहेब ती शर्यतीत पळवायचा, म्हणून त्यानं इंजिनाचं डोकं घासून दाब वाढवून घेतला होता. गाडीच्या खिशात त्याच्या हातचा एक कागद होता. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की हिला सत्तर नंबराच्या खालचं पेट्रोल घालू नये. तो कागद उस्तादनं मला वाचायला दिला होता. सत्तर हा आकडा माझ्या डोक्यात तेव्हापासून बसला.

गाडी आली तेव्हापासून सात महिने लाल पेट्रोलवर चालली आणि काही तक्रार झाली नाही. उस्ताद तिला माणसासारखी वागवायचा. सकाळी इंजिन सुरू करून बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा. आत पेट्रोल वेळेआधी पेटलं तर जो आवाज येतो त्याला तो 'दाणे' म्हणायचा. पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवल्यासारखा आवाज. त्यानं एकदा मुद्दाम मला ऐकवला, चढावर गाडी नेऊन, अर्धा शेर साधं पेट्रोल घालून. मला नीटसा ऐकू आला नाही. मी तसं सांगितलं. तो हसला. "आकड्याचा माणूस तुम्ही. तुमचे कान डोळ्यात."

आता त्या आठवड्याचं सांगतो. मंठ्याच्या एका व्यापाऱ्यानं नवी मोठी अमेरिकन मोटार घेतली होती आणि जालन्याहून मंठ्याला आपण सव्वा तासात पोचतो असं तो सांगत सुटला होता. चाळीस मैल, रस्ता मुरमाचा. शेठजी म्हणाले, आपण तासात पोचू. पैशाची पैज नव्हती. शेठजी चारचौघांत बोलून बसले होते एवढंच. दिवस ठरला गुरुवार.

बुधवारी दुपारी मुनीमजी उस्तादला घेऊन दुकानावर आले. जाऊन-येऊन आठ गॅलन लाल हवं होतं. माझ्याकडे लाल दोनच डबे उरले होते, म्हणजे चार गॅलन. बाकीचा माल मनमाडला अडकला होता. मी तसं सांगितलं.

मुनीमजी म्हणाले, "शेठजीला न्हाई म्हणून कोण सांगणार? तुम्ही सांगता का?"

"मी सांगतो की."

"सांगा. आन् त्या हिरव्यावाल्याची दुसरी एजन्सी गावात उघडणार हाय म्हणतात, ते बी ऐका शेठजीकडून."

धमकी होती, पण मी त्यानं घाबरलो असं म्हणणार नाही. मला एक हिशेब सुचला होता. तो सुचल्याचा मला आनंदही झाला होता. कोरा कागद घेतला. लाल चार गॅलन, नंबर ऐंशी. साधं चार गॅलन, नंबर साठ. बेरीज एकशे चाळीस, भागिले दोन, सत्तर. साहेबाच्या कागदात सत्तरच्या खाली नको म्हटलं होतं. सत्तर हे सत्तरच्या खाली नाही. मी कागद मुनीमजींपुढे सरकवला. ते म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? गाडी चालली म्हंजे झालं," आणि जिनाकडे निघून गेले.

कंपनीचा नियम होता की सीलबंद डबा दुकानात फोडायचा नाही आणि माल मिसळायचा तर नाहीच. पकडलं तर एजन्सी रद्द, अनामत जप्त. नियम मला पाठ होता. नऊ वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये जाऊन दोन्ही डब्यांची सीलं फोडली, पिंपातलं साधं पेट्रोल मापानं मोजून काढलं आणि चार लाल डब्यांत सारखं भरलं. दोन भरलेले होते ते आणि दोन रिकामे पडले होते ते. एक थेंब इकडेतिकडे नाही. उस्ताद शेजारी उभा होता.

त्यानं पिंपावर वाकून वास घेतला. "हे पिंप कधीचं?"

"दिवाळीचं."

"सहा महिने झाले. पत्र्याखाली, ह्या उन्हात. अण्णा, ह्याच्यातलं हलकं सगळं उडून गेलं आसंल. हे साठ तरी हाय का?"

"कंपनीच्या कागदावर साठ आहे."

"कागद मुंबईत छापला. पिंप हितं उन्हात हाय."

मी त्याला पुन्हा बेरीज दाखवली. त्याला आकडे वाचता येत नव्हते हे ठाऊक असून दाखवली. त्यानं मिश्रण घालून गाडी स्टेशनापासून कचेरीपर्यंत नेली आणि परत आला. इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून म्हणाला, "दाणे वाजून राह्यले."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला येणारच न्हाई. थोडे हायेत. पण सपाटीवर वाजले तर जोरात काय होईल?"

"हिशेब सत्तरचा आहे, उस्ताद."

त्यानं वाकून इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "ठीक हाय. मी हळू घेतो. शेठजीला म्हणतो सव्वा तास लागंल." डबे गाडीत ठेवून गेला.

गुरुवारी काय झालं ते मला त्यानंच सांगितलं, आणि पुढे वाटूरच्या लोकांकडूनही तेच ऐकलं. मंठ्याच्या वाटेवर वाटूरच्या पुढे तीन मैलांवर लांब चढ आहे. तिथवर त्यानं गाडी जपून आणली होती. शेठजी शेजारी घड्याळ धरून बसलेले. म्हणाले, "दाब." उस्ताद म्हणाला, "इंजिन रडून राह्यलं, शेठजी." शेठजी म्हणाले, "रडू दे. दाब." उस्तादनं चढ लागताच पाय सैल केला. तेव्हा शेठजींनी आपला बूट त्याच्या पायावर ठेवला आणि दाबला. त्याचा पाय खाली, शेठजींचा वर. चढ संपता संपता इंजिनातून मोठा आवाज झाला, निळा धूर आला आणि गाडी थांबली. पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

वाटूरहून एक बैलजोडी आणून गाडी जालन्याला ओढत आणली. दीड दिवस लागला. शेठजी लॉरीत बसून आधीच गेले होते. उस्ताद मात्र चाक धरून गाडीतच बसून राहिला. वाटूर फाट्यावर लोक जमलेले. कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, लाल पाण्यापरीस कडबाच स्वस्त पडला की!" दुसरा म्हणाला, "आता बैलाला विचारा, कोणत्या छापीची पेंड लागते." हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना हसला. दुकानाच्या पायरीवर बसला होता. मग म्हणाला, "अण्णा, शेठजी विचारतील. तुम्ही सांगा फकत, काय मिसळलं ते. माझं काही म्हणणं न्हाई. तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

मी हो म्हणालो.

आता पेढीवरचा तो पाव तास. शेठजी गादीवर, मुनीमजी बाजूला, मी समोर, उस्ताद दाराशी उभा.

शेठजी म्हणाले, "सात महिने गाडी चालली. एका दिवसात फुटली. चालवायला हा होता. मी काय समजू?"

उस्ताद म्हणाला, "पेट्रोल मिसळलेलं होतं, शेठजी. आधं लाल, आधं साधं. मी आधीच बोललो व्हतो. अण्णा हायेत हितं. विचारा."

शेठजी माझ्याकडे वळले. "का हो? आमच्या गाडीला काय दिलं तुम्ही?"

घरात तेव्हा आम्ही सात माणसं. एजन्सीचं कमिशन महिन्याला सरासरी पंचेचाळीस हाली. अनामत तीनशे. थोरलीचं लग्न पुढच्या माघात ठरलेलं. हे सगळे आकडे त्या क्षणी माझ्यापुढं एकाखाली एक उभे राहिले. मला आठवतं, मी त्यांची बेरीजसुद्धा केली.

मी म्हणालो, "माझ्या दुकानातून चार लाल डबे गेले."

वाक्य खरं होतं. चारच गेले होते आणि लालच होते.

शेठजी उस्तादला म्हणाले, "ऐकलंस?"

उस्ताद माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "अण्णा, डब्याचं न्हाई विचारलं." एवढंच. मुनीमजींनी त्याला गप्प केलं: "एक तर गाडी मारली, वर झूठ बोलतो. इमानदार माणसाचं नाव घेतो." इमानदार माणूस म्हणजे मी.

त्याचा पगार अठ्ठावीस हाली होता. महिन्याला चौदा कापायचे ठरले. तेरा महिने चौदा आणि चौदाव्या महिन्यात चार रुपये दहा आणे आठ पै. हा हिशेब मुनीमजींना पटकन जमेना, तो मीच करून दिला. मोटार त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला कापसाच्या लॉरीवर घातलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "मंग उद्या जाऊन सांगा की खरं."

"आता सांगितलं तर दोन्ही जातील. एजन्सीही आणि इभ्रतही."

"आन् त्याची?"

"त्याला काम आहे अजून."

तिनं तवा खाली उतरवला आणि पुढे त्या विषयावर कधी बोलली नाही. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

उस्ताद लॉरीला पेट्रोल घ्यायला आठवड्यातून दोनदा यायचा. साधं, पिंपातलं. लॉरीला काहीही चालायचं. शिवी दिली नाही, बोलणं सोडलं नाही. "गॅलन बराबर मोजा," एवढं म्हणायचा, आणि मी मोजत असताना दुसरीकडे बघायचा. चौदावा महिना भरला त्या दिवशीही आला. मला तारीख माहीत होती. म्हटलं, तो काही म्हणेल. तो म्हणाला, "गॅलन बराबर मोजा."

मोटारीच्या कामासाठी लोक पूर्वी त्याला बोलवायचे, गाडी घेण्याआधी इंजिनाचा आवाज ऐकवायचे. ते बंद झालं. फाट्यावर त्याला पोरंटोरंसुद्धा 'बैलवाला उस्ताद' म्हणू लागली. त्याचा सख्खा धाकटा भाऊ जिनातच हमाल होता. तोही चारचौघांत म्हणायचा, "आमचा भाऊ गाडी मारून वर झूठ बोलला, आमची मान खाली गेली."

मग लढाई सुरू झाली. एकदोन वर्षांत पेट्रोलवर कुपनं आली. पिवळं गेलं, हिरवं गेलं, लाल तर सगळ्यांच्या आधी गेलं. सगळ्यांना एकच पेट्रोल, एकच भाव, कुठल्या कंपनीचं ते कुणी विचारायचं नाही. त्यात कधी मोहाचा अर्क मिसळून यायचा, तोही सरकारी हुकुमानं. ज्या मिसळण्यासाठी माझी एजन्सी गेली असती, ते आता दर पिंपात होत होतं आणि त्याची पावती मिळत होती. डबे लष्कराला गेले. तीर्थपुरीच्या आडत्यांचं छप्पर दोन हात उघडं राहिलं.

तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर माझं काही जाणार नव्हतं. थोरलीचं लग्न झालं होतं. मी सांगितलं नाही. आधी भीतीनं गप्प होतो. आता इतके दिवस गप्प राहिल्याची लाज होती. आणि उस्ताद दुकानावर यायचाही बंद झाला होता, कारण शेठजींनी लॉरीला कोळशाचा बंब लावून घेतला होता. तेव्हा पुष्कळांनी लावला. लॉरीच्या मागे उभा लोखंडी बंब, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, त्याचा जो गॅस निघतो त्यावर इंजिन चालवायचं. चढावर लॉरी पायी चालणाऱ्या माणसाच्या मागे पडायची. एकदा रस्त्यात दिसला, तोंड काळं, डोळे लाल. मी विचारलं, "कसं चाललंय, उस्ताद?"

"ह्याला नंबर नसतो अण्णा," तो म्हणाला. "दाणे न्हाईत, काही न्हाई. आवाजच न्हाई. ह्या गॅसला वास बी न्हाई."

त्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. त्यानंही सहज म्हटलं होतं.

१३५३ फसलीच्या बहमन महिन्यात, म्हणजे १९४३ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, मंठ्याहून सरकी घेऊन येताना लॉरी वाटूर फाट्यावर थांबली. बंब पूर्ण विझवला तर सकाळी पेटायला तास जातो, म्हणून निखारा राखून ठेवायची पद्धत होती. थंडी म्हणून त्यानं पुढच्या खोलीच्या काचेच्या जागी लावलेले पोत्याचे पडदे घट्ट बांधून घेतले आणि बाकावर आडवा झाला. निखाऱ्याचा तो बिनवासाचा गॅस रात्रभर आत साठत गेला. सकाळी फाट्यावरचा चहावाला उठवायला गेला. त्यानं सांगितलं, चेहऱ्यावर लाली होती, गाढ झोपलेल्या माणसासारखी, म्हणून त्यानं दोन वेळा हाका मारल्या आणि चहा गार होतो म्हणून रागावला. त्याच फाट्यावर पूर्वी लोक त्याला हसले होते. त्यांनीच त्याला खाटेवर घालून जालन्याला आणलं.

मी मयतीला गेलो. मागे उभा राहिलो. चार दिवसांनी शेठजींच्या पेढीवर गेलो. मुनीमजी बाजूला लिहीत होते. मी उभ्यानंच सांगितलं: चार डबे लाल होते, पण आत अर्धं साधं होतं, सहा महिन्यांचं जुनं, आणि मिसळलं मी.

शेठजींनी पानाचा डबा पुढे केला. मी घेतला नाही.

"बसा अण्णा," ते म्हणाले. "ती गाडी विकून तीन वर्षं झाली. आता हे कशाला?"

"तो खरं बोलत होता."

"मला माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"डबा उघडून पाहिला होता मी," शेठजी म्हणाले. "लाल कसलं ते, गुलाबी होतं. पण बूट माझा होता, आणि चारचौघांत मी काय म्हणू? राहिले तुम्ही. तुमच्याकडून घेतले असते तर उद्या आम्हाला पेट्रोल कोण देणार होतं? शेवटी पैसे ज्याच्याकडून निघतात त्याच्याकडून काढायचे असतात." मग चांगुलपणानंच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नव्हता. तुम्हाला विचारलं तेवढंच तुम्ही सांगितलं."

चार वर्षं आठ महिने मी जे एक वाक्य जपून ठेवलं होतं, ते या पेढीवर कुणाला खरं वाटलंच नव्हतं. आपल्या उपयोगापुरतं त्यांनी ते घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दुपारी नदीपलीकडे उस्तादच्या घरी गेलो. बरोबर दोनशे रुपये हाली घेतले होते. त्याची बायको आतल्या दाराच्या पडद्यामागे बसली. दीर, म्हणजे तो जिनातला भाऊ, बाहेर ओट्यावर होता. मी पडद्याकडे तोंड करून पैसे आणल्याचं सांगितलं.

"कसले पैसे?" ती म्हणाली.

"पिस्टनचे. त्यांच्या पगारातून कापले ते."

मग ती म्हणाली, "म्हंजे ते झूठ न्हाई बोलले?"

"नाही."

"तुम्हाला तवाच मालूम व्हतं?"

"होय."

"चौदा महिने आमच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटली, अण्णासाहेब. त्याचं मला काही न्हाई. पण ते बसून राहायचे. मला म्हणायचे, तू तरी मान की मी झूठ न्हाई बोललो. मी म्हणायची, हौ, मानते." ती थांबली. "मी मानत न्हवते. मला वाटायचं, अण्णा कसे झूठ बोलतील."

मी पैशांची गाठ सोडू लागलो.

ती म्हणाली, "भाईला आत बोलवा. आन् हे समदं त्याच्यासमोर परत सांगा. जल्दी नको. सुरवातीपासून."

दीर आत आला. मी सुरुवातीपासून सांगितलं: दोन डबे, पिंप, साठ आणि ऐंशी, बेरीज, दाणे, पेढीवरचा पाव तास, आणि शेठजी काल काय म्हणाले तेही. तो माझ्याकडे न बघता ऐकत होता. सांगून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मी पैसे पडद्याखालून सरकवले. आत नाणी एकेक करून मोजली जाण्याचा आवाज आला. मोजायला फार वेळ लागला. मग काही रक्कम त्याच वाटेनं बाहेर सरकली.

"हे ज्यादा हायेत," ती म्हणाली. "कापले तेवढेच घेतले."

मी परत आलेले मोजले. तेरा रुपये पाच आणे चार पै. बराबर होते.

दिले ते एकशे शहाऐंशी रुपये दहा आणे आठ पै, हाली. घेणार, उस्तादची बायको. हजर, तिचा दीर आणि मी.